किंमत कुणी मोजायची? : औद्योगिक अमेरिकेतील सुधारणांचा आढावा

२४ मार्च १९११ रोजी न्यू यॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. बफेलोच्या रेल्वेत काम करणाऱ्या अर्ल आइव्हज या कामगाराला कामावर इजा झाली होती. राज्याने आदल्याच वर्षी कायदा केला होता, की धोक्याच्या धंद्यात कामगार जखमी झाला तर चूक कुणाची याचा काथ्याकूट न करता मालकाने ठरलेली भरपाई द्यावी. न्यायालयाने हा कायदा एकमताने रद्द ठरवला. ज्याची चूक सिद्ध झाली नाही त्याच्याकडून पैसे वसूल करणे म्हणजे त्याची मालमत्ता हिरावून घेणे, असा त्या निकालाचा मथितार्थ होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. न्यू यॉर्क शहरात ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचा बायकांचे ब्लाऊज शिवण्याचा कारखाना एका दहामजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर होता. कामाची वेळ संपतासंपता आठव्या मजल्यावर चिंध्यांच्या पेटीला आग लागली. दहाव्या मजल्यावरच्या मालकांना फोनवरून वर्दी मिळाली आणि ते गच्चीवरून शेजारच्या इमारतीत सुखरूप पोचले. नवव्या मजल्यावर कुणी कळवलेच नाही. तिथल्या दोन जिन्यांपैकी एकाच्या दाराला कुलूप होते, कारण सुटताना सगळ्या मुली एकाच दाराने बाहेर पडल्या की त्यांच्या पर्सची झडती घेणे सोपे जाई. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने वाकून कोसळला. अग्निशामक दलाच्या शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचल्या. अर्ध्या तासाच्या आत सारे संपले. १४६ माणसे मेली, त्यांतल्या बहुतेक इटलीतून आणि रशियातून आलेल्या तरुण मुली. इमारत मात्र खरोखरच अग्निरोधक होती. ती आजही उभी आहे आणि न्यू यॉर्क विद्यापीठाच्या वापरात आहे. डिसेंबरमध्ये दोन्ही मालक निर्दोष सुटले, कारण त्या क्षणी दाराला कुलूप आहे हे त्यांना ठाऊक होते, असे सिद्ध झाले नाही.

हे दोन दिवस शेजारी ठेवले की त्या काळातल्या अमेरिकेचा प्रश्न उघडा पडतो. कारखान्यात, खाणीत, रुळांवर, कोंदट खोल्यांत माणसाचे जे नुकसान होते ते कुणाच्या खात्यावर मांडायचे? ज्याला इजा झाली त्याच्या, की ज्याला त्या कामातून नफा झाला त्याच्या? १८७०च्या दशकापासून १९३८पर्यंत अमेरिकेत जे सुधारणेचे प्रयत्न झाले ते शिक्षण, आरोग्य, दारूबंदी, घरे, मजुरी अशा वेगवेगळ्या कप्प्यांत मांडण्याची पद्धत आहे. मला त्या सगळ्यांच्या मुळाशी हा एकच हिशेब दिसतो. आणि हेही दिसते, की ज्यांना आपले मानले त्यांच्यापुरताच तो हिशेब बदलला गेला.

बदलाचा वेग आधी लक्षात घ्यावा लागतो. शिकागोची वस्ती १८७० मध्ये सुमारे तीन लाख होती, ती १९०० मध्ये सतरा लाखांच्या जवळ गेली. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत दोन कोटींहून अधिक माणसे बाहेरून अमेरिकेत आली. कामाच्या जागा नव्या होत्या, पण कायदा मालक आणि नोकर एकाच छपराखाली काम करत त्या जमान्यातला होता. जखमी कामगार कोर्टात गेला तर मालकाच्या वकिलाकडे तीन ठरलेली उत्तरे असत. अपघात दुसऱ्या कामगाराच्या चुकीने झाला असेल तर मालक जबाबदार नाही. हे काम धोक्याचे आहे हे पत्करूनच तू नोकरी धरलीस, म्हणून तक्रार नाही. आणि तुझी स्वतःचीही थोडीशी चूक असेल तर दावाच संपला. हजार माणसे काम करतात त्या पोलादाच्या कारखान्यात ही तिन्ही उत्तरे जवळजवळ प्रत्येक अपघाताला लागू पडत.

याचा परिणाम काय होतो, हे क्रिस्टल ईस्टमन या तरुण वकील बाईंनी पिट्सबर्गमध्ये जाऊन मोजले. जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षात ॲलेगेनी परगण्यात कामावरच्या अपघातांत ५२६ माणसे मेली होती. प्रत्येक मृत्यू कसा झाला आणि घरच्यांना काय मिळाले, याचा त्यांनी माग काढला. मेलेल्या विवाहित कामगारांच्या निम्म्याहून अधिक कुटुंबांना शंभर डॉलर किंवा त्याहूनही कमी मिळाले होते, कित्येकांना तर काहीच नाही. कामगार दारू पिऊन निष्काळजीपणे काम करतात म्हणून मरतात, ही समजूत तेव्हा सर्रास होती. ती या नोंदींपुढे टिकली नाही. मरणाऱ्यांत अनुभवी माणसे होती, आणि अपघातांमागे लांबलेल्या पाळ्या होत्या, घाई होती, उघडी यंत्रे होती.

त्याआधीची मदतीची पद्धत दानधर्माची होती. १८७७ नंतर शहराशहरांत धर्मादाय मदतीचे नियमन करणाऱ्या संस्था निघाल्या. त्यांच्यातर्फे बायका गरिबांच्या घरी जाऊन चौकशी करत, वहीत नोंदी ठेवत आणि मदतीला पात्र कोण, अपात्र कोण ते ठरवत. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण गरिबी हा स्वभावाचा दोष आहे, हे गृहीत धरूनच त्या दार ठोठावत. १८९३च्या मंदीत लाखो कष्टाळू माणसे एकाच हिवाळ्यात बेकार झाली तेव्हा या गृहीतकाला पहिला मोठा तडा गेला.

घरांचा प्रश्न जेकब रीस यांनी चव्हाट्यावर आणला. रीस स्वतः डेन्मार्कमधून आलेले, उपाशीपोटी भटकलेले, मग पोलिसांच्या बातम्या देणारे वार्ताहर झालेले. अंधारात लखकन पेटणारी मॅग्नेशियमची पूड तेव्हा नुकतीच निघाली होती. तिच्या उजेडात त्यांनी न्यू यॉर्कच्या दाटीच्या वस्तीतल्या खोल्यांचे रात्री फोटो काढले आणि १८९०च्या पुस्तकात जगापुढे ठेवले. त्या पुस्तकात इटालियन, ज्यू आणि चिनी लोकांबद्दल बरेच काही वाचवत नाही असे आहे, हेही सांगायला हवे. पण एकेका खोलीत किती माणसे झोपतात हे त्या फोटोंनी नाकारता येणार नाही असे दाखवले. गंमत म्हणून नव्हे, शिकण्यासारखी गोष्ट म्हणून सांगतो : त्यातल्या पुष्कळ इमारती १८७९च्या सुधारणा-कायद्याला धरूनच बांधल्या गेल्या होत्या. त्या कायद्याने खोलीला बाहेर उघडणारी खिडकी सक्तीची केली, तेव्हा घरमालकांनी दोन इमारतींच्या मध्ये दोन-अडीच फुटांची फट सोडली आणि खिडक्या तिच्यात उघडल्या. त्या फटीत कचरा साचला, दुर्गंधी वर चढली, आणि आग लागली की तीच फट धुरांड्यासारखी ज्वाळा वर ओढू लागली. १९०१च्या कायद्याने रुंद चौक, प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र संडास आणि तपासणीसाठी वेगळे खाते आणले, तेव्हा नव्या घरांपुरता फरक पडला. जुन्या इमारतींत माणसे पुढे कित्येक वर्षे राहतच होती.

या काळातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा शिकागोच्या हॉल्स्टेड स्ट्रीटवर होती. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघी मैत्रिणींनी १८८९ मध्ये हल नावाच्या एका श्रीमंताचा जुना वाडा घेतला आणि गरीब वस्तीत शेजारी म्हणून राहायला गेल्या. लंडनच्या टॉयन्बी हॉलवरून त्यांना ही कल्पना सुचली होती. सुरुवातीला त्यांनी वाचनाचे वर्ग, चित्रे, बालवर्ग असे काही चालवले. पण शेजाऱ्यांना काय हवे ते शेजारी राहिल्यावरच कळते. ॲडम्स बाईंनी कचऱ्याच्या कंत्राटासाठी बोली लावली, आणि १८९५ मध्ये त्यांची स्वतःचीच त्या वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. पहाटे उठून त्या कचऱ्याच्या गाड्यांमागे जात. एका अरुंद गल्लीत खणताना सुमारे दीड फूट घाणीखाली फरसबंदी रस्ता सापडला, आणि मग महापालिकेच्या दप्तरात तपासल्यावर त्या रस्त्याची नोंदही मिळाली.

हल हाउसच्या माणसांनी एक गोष्ट नेमकी ओळखली होती : ज्याची मोजदाद नाही त्याची जबाबदारी कुणी घेत नाही. त्यांनी आजूबाजूच्या घरांत फिरून कुठे कुठल्या देशाची माणसे राहतात आणि कुठल्या कुटुंबाची आठवड्याची कमाई किती, हे गोळा केले आणि १८९५ मध्ये रंगीत नकाशांच्या रूपात छापले. त्यामागे फ्लॉरेन्स केली होत्या. वडील काँग्रेसचे सभासद, स्वतः समाजवादी विचारांच्या, एंगल्सच्या इंग्लंडमधल्या कामगारवर्गावरच्या ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादक. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन तीन मुलांना घेऊन त्या १८९१च्या हिवाळ्यात हल हाउसच्या दारात आल्या. ठेकेदारांकडून कापलेले कपडे घरी आणून नगावर शिवणाऱ्या कुटुंबांची त्यांनी पाहणी केली. तिथे चार-पाच वर्षांची पोरे कोटांचे टाके उसवत बसलेली असत.

त्या पाहणीतून इलिनॉयचा १८९३चा कारखाना कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना आठ तासांचा दिवस, आणि तपासायला बारा माणसांचे खाते. राज्यपाल आल्टगेल्ड यांनी केलींना प्रमुख कारखाना निरीक्षक नेमले. त्यांच्या मदतनीस ॲल्झिना स्टीव्हन्स यांचे एक बोट वयाच्या तेराव्या वर्षी कापडगिरणीत काम करताना तुटले होते, हा तपशील मला त्या सगळ्या खात्याची ओळख वाटतो. तसबिरींच्या स्वस्त चौकटींना सोनेरी मुलामा देणाऱ्या एका अकरा वर्षांच्या मुलाचा हात त्या विषारी द्रावणाने लुळा पडला होता. केली त्याची फिर्याद घेऊन सरकारी वकिलाकडे गेल्या. त्याने खटला चालवायला नकार दिला. तेव्हा त्यांनी संध्याकाळच्या वर्गात नाव घालून कायद्याची पदवी घेतली. १८९४ मध्ये शहरात देवीची साथ आली तेव्हा रोगी पडलेल्या खोल्यांमध्येच शिवले जाणारे कपडे त्यांनी शोधून काढले. १८९७ मध्ये नवा राज्यपाल आला. त्याने केलींना काढले आणि त्यांच्या जागी एका काच कारखान्याचा जुना नोकर आणला. काच कारखाने लहान मुलांना कामाला लावण्यात आघाडीवर होते. कायदा पुस्तकात होताच, फक्त तो बघणारे डोळे बदलले.

याच घरात राहणाऱ्या डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन पुढे शिसे, पारा अशा विषांचा माग काढत कारखान्याकारखान्यांत गेल्या. रंग आणि बॅटऱ्यांच्या कारखान्यांत शिशाने माणसे झिजत होती, आणि मालक सांगत होते की हे लोक हात धूत नाहीत. हॅमिल्टन बाईंनी दाखवून दिले की विष मुख्यतः श्वासातल्या धुळीतून जाते. पुन्हा तेच : दोष कामगाराच्या सवयीचा की कारखान्याच्या हवेचा?

सुधारणांचा इतिहास सुशिक्षित मध्यमवर्गाचा इतिहास म्हणून लिहिला जातो, तो अपुरा आहे. १ मे १८८६ रोजी आठ तासांच्या दिवसासाठी लाखो कामगार संपावर गेले. तीन दिवसांनी शिकागोच्या हेमार्केट चौकातल्या सभेत बाँब पडला. तो कुणी टाकला हे आजवर कळलेले नाही, पण आठ जणांवर खटला चालला आणि नोव्हेंबर १८८७ मध्ये चौघांना फाशी झाली. शिक्षा भोगत असलेल्या तिघांना १८९३ मध्ये आल्टगेल्ड यांनी माफी दिली, तेव्हा तो खटलाच अन्यायाचा होता असे त्यांनी सविस्तर लिहून ठेवले. त्यात त्यांची राजकीय कारकीर्द बुडाली. आपण महाराष्ट्र दिनाबरोबर जो कामगार दिन पाळतो तो या घटनांतून आला.

१८९२ मध्ये होमस्टेडला कार्नेगींच्या पोलाद कारखान्यात संघटना मोडण्यासाठी तीनशे खासगी बंदूकधारी नदीतून आणले गेले. दोन्ही बाजूंची माणसे मेली, संघटना मोडली, आणि पोलादात बारा तासांची पाळी १९२३पर्यंत चालू राहिली. कार्नेगींनी अमेरिकेत दीड हजारांहून अधिक वाचनालयांना पैसा दिला आणि त्यांतली पुष्कळ आजही चालू आहेत. परंतु बारा तास भट्टीपुढे उभा राहिलेला माणूस वाचनालयात केव्हा जाणार, हा प्रश्न तेव्हाच्याच कामगारांनी विचारला होता. दानातून आलेली सोय आणि हक्काने मिळालेला वेळ यांतले अंतर इतके स्पष्ट दुसरीकडे क्वचित दिसते. शिकागोजवळच्या पुलमनच्या टुमदार कंपनी-गावात १८९३-९४च्या मंदीत मजुरी कापली गेली, घरभाडे मात्र तसेच राहिले, आणि त्यातून झालेला रेल्वे संप केंद्र सरकारने सैन्य पाठवून मोडला.

हेमार्केटचा खटला चालू होता त्याच काळात एक मराठी बाई त्या देशात हिंडत होती. पंडिता रमाबाई मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोश्यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला पोचल्या आणि १८८८च्या अखेरीपर्यंत तिथे राहिल्या. १८८९ मध्ये त्यांचे युनायटेड स्टेट्सच्या लोकस्थितीवरचे पुस्तक मराठीत निघाले. त्यांची नजर प्रामुख्याने स्त्रियांच्या संघटनांवर होती. फ्रान्सिस विलर्ड यांच्या नेतृत्वाखालच्या ख्रिस्ती स्त्रियांच्या दारूबंदी संघाचे त्यांना फार कौतुक होते, आणि ते कारणाशिवाय नव्हते. मतदानाचा हक्क नसलेल्या बायका वर्गणी गोळा करत, सभा चालवत, कायदेमंडळावर दबाव आणत, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. मुंबईत १८८९ मध्ये निघालेल्या शारदा सदनाला बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा पैसा मिळाला, तो याच जाळ्यातून. दारूबंदी म्हणजे अमेरिकेची एक फसलेली लहर, असे आज म्हटले जाते. १९२०ची बंदी १९३३ मध्ये उठली हे खरेच. पण नवऱ्याच्या पगारावर आणि कित्येकदा मुलांच्या ताब्यावरही बायकोचा कायदेशीर हक्क नसलेल्या काळात त्या चळवळीमागे घरातल्या मारहाणीची आणि उपासमारीची तक्रार होती, आणि ती खरी होती.

आता न्यायालयांकडे यायला हवे, कारण पन्नास वर्षे सुधारणेची खरी वाट तिथे अडली. इलिनॉयच्या आठ तासांच्या कलमाचा १८९५ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बळी घेतला. किती तास काम करायचे हे ठरवण्याचे बाईचे करार-स्वातंत्र्य कायद्याने हिरावले जाते, असे कारण दिले गेले. १९०५ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेकरी कामगारांच्या दहा तासांच्या मर्यादेबाबत हेच म्हटले. आधार होता घटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा. ही दुरुस्ती मुक्त झालेल्या गुलामांच्या संरक्षणासाठी १८६८ मध्ये झाली होती. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकन लोकांबद्दलच्या आदरातून जोतीरावांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ त्यांना अर्पण केले, तेव्हा ती दुरुस्ती ताजी होती. पंचवीस वर्षांच्या आत तिचा उपयोग मालकांच्या बचावासाठी होऊ लागला, आणि १८९६ मध्ये काळ्या प्रवाशांना वेगळ्या डब्यात बसवणे त्याच दुरुस्तीत बसते, असाही निकाल आला.

ही कोंडी थोडीशी फुटली १९०८ मध्ये. पोर्टलंडच्या कर्ट म्यूलर नावाच्या लाँड्रीमालकाने बायकांच्या दहा तासांच्या मर्यादेविरुद्ध दाद मागितली होती. फ्लॉरेन्स केली आणि जोसेफीन गोल्डमार्क यांनी लुईस ब्रँडाइस यांना वकील म्हणून आणले. त्यांच्या शंभराहून अधिक पानांच्या निवेदनात कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानांचा होता. बाकी सारे डॉक्टर, कारखाना निरीक्षक, आरोग्य खाती यांचे देशोदेशीचे अहवाल, आणि ते गोल्डमार्क व त्यांच्या सहकारी बायकांनी जमवले होते. न्यायालयाने कायदा उचलून धरला. निवेदन मात्र ब्रँडाइस यांच्याच नावाने ओळखले जाते. त्या विजयाला एक काटा होता. न्यायालयाने कारण दिले ते बाईच्या शारीरिक दुबळेपणाचे आणि मातृत्वाचे. माणूस म्हणून तिला विश्रांतीचा हक्क आहे असे म्हटले नाही. पुढे १९१९ मध्ये रात्रीच्या कामावरच्या बंदीमुळे न्यू यॉर्कच्या ट्रामवरच्या कंडक्टर बायकांच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा तो काटा रुतला.

मुलांच्या बाबतीत तर कुणालाच शंका नसायला हवी होती. १९००च्या खानेसुमारीत दहा ते पंधरा वर्षांची साडेसतरा लाख मुले कामावर नोंदली गेली. दक्षिणेतल्या सूतगिरण्यांत पोरे चात्यांच्या रांगांवर चढून भरलेल्या कांड्या काढत आणि रिकाम्या लावत. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींवर घसरत येणाऱ्या कोळशातले दगड वेचायला बाकांवर मुलगे बसत. त्यांच्या बोटांना चिरा पडलेल्या असत आणि फुफ्फुसांत धूळ. राष्ट्रीय बालमजुरी समितीने १९०८ मध्ये लुईस हाईन यांना कॅमेरा घेऊन पाठवले. ते कधी बायबल विकणारे तर कधी विम्याचे एजंट म्हणून आत शिरत. मुलाची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मापत आणि खिशातल्या खिशात हात घालून वहीत टिपत. फोटो खोटा म्हणता येईल हे ठाऊक असल्याने ते गाव, तारीख, वय, कामाचे तास सारे लिहून ठेवत.

१९१६ मध्ये अखेर केंद्राचा कायदा झाला. चौदा वर्षांखालील मुलांनी बनवलेला माल राज्याबाहेर विकता येणार नाही. नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट गावी गिरणीत काम करणाऱ्या डॅगनहार्ट नावाच्या बापाने, आपल्या मुलांच्या कमाईवर गदा येते म्हणून दावा लावला. त्याच्या मागे पैसा आणि वकील दक्षिणेतल्या गिरणीमालकांचे होते. १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कायदा रद्द केला. पाच वर्षांनी एक पत्रकार त्यांतल्या रूबेन या मुलाला भेटायला गेला. तोवर रूबेन वीस वर्षांचा झाला होता, लग्न झाले होते, मूल झाले होते, वजन १०५ पौंड. खटला जिंकून काय मिळाले, या प्रश्नावर त्याला आठवले ते वकिलांच्या मोटारीतून फिरणे आणि कोकाकोला. शाळा मिळाली असती तर बरे झाले असते, असे तो म्हणाला. आपल्या धाकट्या बहिणीला तरी शिकता यावे, ही त्याची इच्छा होती. या सगळ्या काळावरचे इतके खरे भाष्य मला दुसऱ्या कुठल्या ग्रंथात आढळले नाही.

पत्रकारितेचा वाटा मोठा होता, पण त्याबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात उरकतो. आयडा टार्बेल यांनी १९०२पासून स्टँडर्ड ऑइलचा व्यवहार कागदपत्रांनिशी उघडा केला, १९११ मध्ये ती कंपनी ३४ तुकड्यांत विभागली गेली. अप्टन सिंक्लेअर यांनी शिकागोच्या खाटीकखान्यांतल्या स्थलांतरित मजुरांच्या हालांवर कादंबरी लिहिली, आणि १९०६ मध्ये मांस-तपासणीचा कायदा झाला. तो खाणाऱ्यांसाठी होता. कापणाऱ्या मजुरांसाठी त्यात काही नव्हते, याची खंत सिंक्लेअरना आयुष्यभर राहिली.

ट्रँगलच्या मुलीही आगीपूर्वी गप्प नव्हत्या. नोव्हेंबर १९०९ मध्ये कूपर युनियनच्या सभेत पुढाऱ्यांची भाषणे लांबत चालली, तेव्हा क्लारा लेमलिख या तरुण शिवणकामगार मुलीने व्यासपीठावर जाऊन यिडिश भाषेत सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. वीस हजार जणी संपावर गेल्या. पुष्कळ कारखान्यांनी तडजोड केली, ट्रँगलच्या मालकांनी संघटनेला मान्यता दिली नाही. आग लागली तेव्हा फ्रान्सिस पर्किन्स या समाजकार्यकर्त्या जवळच चहाला गेल्या होत्या. त्या धावत आल्या आणि खिडक्यांतून पडणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या. राज्याने नेमलेल्या चौकशी आयोगात त्यांनी आमदारांना घरबसल्या अहवाल वाचू दिले नाहीत. आमदार रॉबर्ट वॅग्नर यांना त्यांनी एका कारखान्याच्या भिंतीतल्या भोकातून रांगत बाहेर पडायला लावले, कारण त्या कारखान्याची आगीतून सुटायची ‘वाट’ तीच होती आणि पलीकडची शिडी बर्फाने माखलेली होती. दोन-तीन वर्षांत तीसहून अधिक कायदे झाले : बाहेर उघडणारी दारे, पाण्याचे फवारे, आगीच्या कवायती. भरपाईच्या कायद्यासाठी राज्याने घटनाच दुरुस्त केली आणि १९१४ मध्ये तो पुन्हा आणला. मालकांनीही एव्हाना विरोध सैल केला होता. कोर्टातल्या अनिश्चित दाव्यापेक्षा ठरलेला विम्याचा हप्ता परवडतो, आणि अपघात कमी झाले तर हप्ताही उतरतो, हे गणित त्यांना पटले होते.

या कायद्यांच्या हालचाली चालू असताना, जुलै १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर त्याच शहरात कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले आणि तीन वर्षे राहिले. जॉन ड्यूई हे त्यांचे शिक्षक हल हाउसच्या वर्तुळातलेच होते. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती आणली.

आता उणी बाजू. आयडा बी. वेल्स या काळ्या पत्रकार बाईंच्या तीन परिचितांना १८९२ मध्ये मेम्फिसला जमावाने मारले. त्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांचे किराणा दुकान गोऱ्या दुकानदाराच्या धंद्याला जड जात होते. वेल्स यांनी गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतल्या बातम्यांवरून अशा हत्यांची मोजदाद केली आणि बलात्काराचा जो आरोप सरसकट पुढे केला जाई, तो बहुसंख्य प्रकरणांत केलेलाच नव्हता हे दाखवले. पद्धत हल हाउसच्या नकाशांचीच होती, पण त्याआधीच, हा आरोप खोटा असल्याचे लिहिल्यामुळे, त्यांचे छापखान्याचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले होते. ज्या विलर्ड बाईंचे रमाबाईंना कौतुक होते त्यांनी काळ्या पुरुषांबद्दल केलेली विधाने वेल्स यांनी १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा सुधारकांच्या गोटात वेल्सच अप्रिय झाल्या. जमावाच्या हत्यांविरुद्ध केंद्राचा कायदा पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ रखडला.

चिनी मजुरांवर १८८२ मध्ये प्रवेशबंदी आली, तिला कामगार संघटनांचा जोरदार पाठिंबा होता. विज्ञानाच्या नावाखाली ‘नालायक’ ठरवलेल्यांची सक्तीने नसबंदी करण्याचा पहिला कायदा इंडियानाने १९०७ मध्ये केला, तो करणारे स्वतःला पुरोगामीच म्हणवत होते. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्याला मान्यता दिली. तो निकाल न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिला. बेकरी कामगारांच्या आणि डॅगनहार्टच्या खटल्यांत कामगारांच्या बाजूने विरोधी मत नोंदवणारे होम्स तेच. मोजदादीची सवय माणसाच्या बाजूने वळते तशी माणसाविरुद्धही वळते, आणि त्या पिढीने दोन्ही केले.

१९३३ मध्ये फ्रान्सिस पर्किन्स देशाच्या मजूरमंत्री झाल्या. १९३७ मध्ये हॉटेलात खोल्या झाडणाऱ्या एल्सी पॅरिश यांच्या खटल्यात किमान वेतन वैध ठरले आणि करार-स्वातंत्र्याची भिंत पडली. १९३८च्या कायद्याने किमान वेतन, जादा कामाचा मोबदला आणि बालमजुरीबंदी देशभर लागू झाली. पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले गेले. दक्षिणेतले बहुसंख्य काळे कामगार याच दोन कामांत होते, आणि दक्षिणेतल्या खासदारांच्या मतांवाचून कायदा पुढे सरकत नव्हता. शेतमजुरांपैकी काहींना किमान वेतन मिळाले १९६६ मध्ये, घरकाम करणाऱ्यांना १९७४ मध्ये. शेतीतल्या मुलांसाठीचे नियम अजून सैल आहेत. आईवडिलांची संमती असेल तर बारा वर्षांचे मूल शाळेच्या वेळेबाहेर परक्याच्या शेतात मजुरी करू शकते. २०१४ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचने तंबाखूच्या शेतांत राबणाऱ्या मुलांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या. ओल्या पानांतले निकोटिन कातडीतून अंगात भिनते, म्हणून मुले मळमळ, ओकारी आणि डोकेदुखी सांगत होती. बहुतेक मुले स्पॅनिश बोलणाऱ्या स्थलांतरित कुटुंबांतली होती, आणि त्यांतली बरीचशी डॅगनहार्टांच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातली.